मारुती ८०० ला कान बसवताना : घरगुती इग्निशन आणि नॉक सेन्सरच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, चाळीसगाव

गाडी कुठवर आली आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी या वहीतलं मलाच काही कळायचं नाही.

१९९४ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच-१९, कागदोपत्री अजून वडिलांची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. मागच्या दिवाळीत ठिणगी पाडणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढले. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, त्याच्या पुलीवर ३ मिलिमीटर पत्र्याचं लेझरने कापून आणलेलं चाक बसवलं. छत्तीस दातांची जागा, त्यातला एक दात गाळलेला. समोर हॉल सेन्सर (चुंबकाच्या जोरावर दात ओळखणारा), फट ०.८ मिलिमीटर. दर दहा अंशांना एक दात, आणि मोकळी जागा आली की डब्याला कळतं क्रँक कुठं आहे ते. डबा म्हणजे ब्लू पिल नावाचा स्वस्तातला एसटीएम३२ बोर्ड, मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेतला दाब मोजणारा सेन्सर, एक आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि ठिणगीची कॉइल. डिस्ट्रिब्युटर ठेवलाय, पण फक्त ठिणगी वाटायला. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी त्याच्या आतली वजनं जाम करून टाकली.

तीन सिलिंडरची एक खोड आहे. ठिणगी दर २४० अंशांनी, म्हणजे एका फेरीत दोन आणि पुढच्या फेरीत एक. आत्ताची फेरी पहिली की दुसरी, हे क्रँकचं चाक सांगू शकत नाही. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर पत्र्याची एक पाकळी आणि दुसरा हॉल सेन्सर लावावा लागला. त्या पाकळीने अख्खा डिसेंबर खाल्ला.

आता गाडी चालते, आणि चांगली चालते. अडचण एवढीच, ऊन तापायला लागल्यापासून कन्नड घाटात दुसऱ्या गिअरवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतून टिणटिण येतं. स्टीलच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत तसं. यालाच नॉक म्हणतात. आबांना दाखवली. आबा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी चाळीस वर्षं गॅरेज चालवलेले मिस्तरी, आता मुलगा बघतो. बॉनेट न उघडताच निकाल दिला, "तुन्हा डबामुये नॉक मारस." म्हणजे तुझ्या डब्यामुळेच नॉक होतो.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तीन-चार अंश मागे घेतलं (ठिणगी उशिरा पाडली) की आवाज जातो, पण मग सपाटीला गाडी बैलगाडी होते. मला पाहिजे ते असं की घाटात, उन्हात टायमिंग आपोआप मागं यावं आणि बाकी वेळ पुढंच राहावं. म्हणजे डब्याला कान पाहिजेत.

८ एप्रिल

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद व्हायला रात्रीचे साडेनऊ. एप्रिल-मे म्हणजे रिवाइंडिंगवाल्याची सुगी. विहिरीचं पाणी खाली गेलं की पंप कोरडे चालतात आणि वाइंडिंग जळतं. आज चार मोटारी आल्या. गाडीला हात लावायची ताकद नव्हती, म्हणून नुसतं वाचलं आणि गणित केलं.

नॉकबद्दल माझीच एक समजूत चुकीची होती. ठिणगी लवकर पडली की आवाज येतो, एवढंच मला ठाऊक होतं. खरं असं की ठिणगीपासून ज्योत पसरत जाते आणि तिच्या पुढचं अजून न पेटलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्योत पोचायच्या आत ते कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून एकदम भडकलं, की दाबाची लाट उठते आणि सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. टायमिंग पुढं घेतलं तर दाब आणि उष्णता दोन्ही चढतात, म्हणून ते भडकायला सोपं जातं. गरम हवा, पिस्टनवर साचलेला कार्बन, हलकं पेट्रोल, सगळ्यांचा हात त्यातच.

म्हणजे सिलिंडर ही एक घंटा. घंटा किती सुरात वाजेल हे तिच्या व्यासावर. चार्ल्स स्टार्क ड्रेपर या अमेरिकी माणसाने १९३० च्या दशकात हे गणित मांडलं. त्याच्याच प्रयोगशाळेने पुढं अपोलो यानाची दिशादर्शक यंत्रणा केली. पहिल्या सुरासाठी आकडा १.८४१. त्याला तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने गुणायचं, अंदाजे सेकंदाला ९५० मीटर धरला. भागायचं पाय गुणिले बोअरने. माझ्या ६८.५ मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे ८,१३० हर्ट्झ. दुसऱ्या सुराचा आकडा ३.०५४, म्हणजे साडेतेरा किलोहर्ट्झच्या आसपास.

कागदावर सुंदर दिसतं. बघू.

आबांच्या निकालावरून एक गोष्ट आठवली. १९१२ मध्ये कॅडिलॅकला सेल्फ स्टार्टर आणि बॅटरी इग्निशन देणाऱ्या चार्ल्स केटरिंगवरही हाच आळ आला होता, तुझ्या इग्निशनमुळे इंजिन ठोकतं म्हणून. दोष निघाला पेट्रोलचा. त्याच्याच हाताखालच्या टॉमस मिजलीने डिसेंबर १९२१ मध्ये पेट्रोलात शिसं घालून तो आवाज बंद केला, आणि ते शिसं आपल्या पेट्रोलातून जायला २००० साल उजाडलं. मी शिसं घालणार नाही, पण आळ मात्र तोच.

१३ एप्रिल

रविवार. धुळ्याला भंगारात गेलो. अपघातात गेलेल्या एका सेडानच्या इंजिनवरून नॉक सेन्सर काढून घेतला. सपाट, मेदूवड्यासारखा, मधल्या भोकातून एम८ (८ मिलिमीटरचा) बोल्ट जातो. आत पिझोचं कडं आणि त्यावर एक वजन. ब्लॉक थरथरला की वजन पिझोला दाबतं आणि पिझो व्होल्टेज देतो. पूर्वी एकाच सुराला वाजणारे, आट्यांनी ब्लॉकमध्ये फिरवायचे सेन्सर यायचे. ते त्यांच्या स्वतःच्या इंजिनपुरतेच चालतात, माझ्या बोअरला त्यांचा उपयोग नाही. हा सपाटवाला सगळे सूर जवळजवळ सारखेच ऐकतो, गाळायचं काम आपलं.

दुसऱ्या सिलिंडरजवळ एका ब्रॅकेटचा एम८ बोल्ट सापडला, तिथं बसवला. तीन सिलिंडरमध्ये मधल्याजवळ बसवलं की दोन्ही बाजूंचं जवळजवळ सारखं ऐकू येतं.

बसवताना चूक केली. बोल्ट लांब पडत होता म्हणून खाली स्प्रिंग वॉशर घातला. चाळीस वर्षं सगळं वॉशर घालूनच बसवायची सवय आपल्या हातांना. इथं तेच नको. सेन्सर आणि ब्लॉक यांच्यात वॉशर नाही, रंग नाही, ग्रीस नाही, गंज नाही. लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, नाहीतर ८ किलोहर्ट्झची बारीक थरथर वॉशरच पिऊन टाकतो. रंग खरवडून जागा चकचकीत केली, आखूड बोल्ट आणला. घट्टपणा २० न्यूटन मीटर. ठरलेल्या मापापेक्षा कमी-जास्त आवळला तर सेन्सरचं बोलणं बदलतं, म्हणून शेजाऱ्याचा टॉर्क रेंच आणला. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास आहे, पण इथं नाही.

१५ एप्रिल

सेन्सरची वायर एका रेझिस्टर विभाजकातून जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत घातली आणि ऑडॅसिटी या आवाज नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचं दिसतं. मला आठच हवेत.

इंजिन बंद ठेवून ब्लॉकवर लहान हातोडीने टकटक केली. स्पेक्ट्रमवर (कोणता सूर किती जोरात ते दाखवणाऱ्या आलेखावर) उभी रेघ. दहा-बारा सेंटिमीटर लांबून मारलं तरी रेघ. वॉशरसह आणि वॉशरशिवाय दोन्ही रेकॉर्ड केलं. वॉशर असताना वरचे सूर जवळजवळ नाहीसे. रविवारी वॉशर काढला ते बरं केलं.

२० एप्रिल

सकाळी चालू इंजिनवर पहिलं रेकॉर्डिंग. स्पेक्ट्रम बघून मी उडालोच, प्रत्येक चक्रात तीन टोकदार काटे. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना सुद्धा! आयडलला नॉक? एवढा नॉक असता तर पिस्टन एव्हाना पत्र्याच्या डब्यासारखा चेपला असता.

दुपारी डोक्यात आलं, सेन्सरच काढून बघू. सेन्सरचा बोल्ट सोडला, सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला. काटे तसेच. मग सेन्सरची पिन काढली, नुसती वायर. काटे तसेच.

म्हणजे इतका वेळ मी नॉक नव्हे, ठिणगी बघत होतो. सेन्सरची वायर डिस्ट्रिब्युटरच्या जाड वायरींच्या बरोबरीने, त्यांनाच केबल टायने बांधून नेली होती मी. दिसायला नीटनेटकी, आणि वीस हजार व्होल्टच्या शेजारी काही मिलिव्होल्ट. वरून धातूच्या जाळीचं शिल्ड असलेली दोन तारांची केबल आणली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) दुसऱ्या बाजूने फिरवली, शिल्ड फक्त डब्याकडच्या टोकाला अर्थ केलं. दोन्ही टोकांना अर्थ केलं की शिल्डमधूनच करंट फिरतो आणि वेगळी कुरकुर सुरू होते. वाइंडिंगच्या धंद्यात हे आपण रोज बघतो, तरी स्वतःच्या गाडीला विसरलो.

काटे ऐंशी टक्के गेले. उरलेले वीस टक्के ठिणगीच्या नेमक्या क्षणी. ते राहोत, तिथं ऐकायचंच नाही.

२७ एप्रिल

आज आबांचा कान उसना घेतला.

डब्याला नॉक ओळखायला शिकवायचा तर खरा नॉक कोणता, हे कुणीतरी सांगायला हवं. परदेशात ट्युनिंगवाले त्यासाठी तांब्याची नळी वापरतात. नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टने बसवायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती कानापर्यंत. तांब्याची नळी फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडून वीतभर आणली. व्हाइसमध्ये टोक चेपलं, भोक पाडलं, सेन्सरच्या शेजारच्या बोल्टखाली घट्ट केलं. रबरी नळीऐवजी मामांच्या केळीच्या बागेतली ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल, ड्रिपर नसलेला तुकडा, खिडकीतून आत. दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या जुन्या स्टेथोस्कोपचे कान. जोडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

आबा आधी हसले. पूर्वी ते स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) ऐकायचे. मग कानात घालून इंजिन चालू केलं आणि एकदम गप्प झाले. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "गाडी बोलस रे भाऊ, तुले ऐकता येत नही." मग एकेक आवाज बोटाने दाखवत गेले: हा टॅपेट, हा पंख्याचा बेल्ट, हा डिस्ट्रिब्युटरचा रोटर. मी ऐकलं तेव्हा मला सगळा एकच खडखडाट वाटला. तो आवाज कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो हे त्यांना दिसतं जणू.

डॅशबोर्डवर एक पुश बटण बसवलं. नॉक ऐकू आला की आबांनी ते दाबायचं. डबा त्याची वेळ नोंदवेल.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई आली आहे, भाचे झोक्यावर. पुरणपोळी, आमरस. गाडीकडे बघायचंही नाही असा घरातून हुकूम. भाच्याने तेवढ्यात ती पुलीवरची चक्री बघून "हे कशाचं चाक?" विचारलं आणि मी अर्धा तास समजावलं. आईने हाक मारली तेव्हा थांबलो.

४ मे

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीआयसी ८१०१ चिप आली. मुद्दाम नॉकसाठीच केलेली. आत एक गाळणी, तिचा सूर १.२२ ते १९.९८ किलोहर्ट्झपर्यंत ६४ पायऱ्यांत बदलतो. गेन (आवाज किती मोठा करायचा ते) सुद्धा ६४ पायऱ्यांत. गाळलेला आवाज ती सरळ करते आणि साठवत जाते. एका पिनवर आपण सांगायचं, आता ऐक, आता थांब. थांबलं की साठलेला आकडा वाचून घ्यायचा. लहान पायांची चिप, सोल्डरिंगला चष्मा आणि भिंग दोन्ही लागलं.

या चिपचा गाभा मला वाटतं त्या एका पिनमध्ये आहे. कोणत्या सुरात ऐकायचं यापेक्षा केव्हा ऐकायचं, हा सगळा खेळ. नॉक होतो तो पिस्टन वरच्या टोकाला जाऊन खाली यायला लागल्यावर, साधारण १० ते ६५ अंशांच्या दरम्यान. त्याच्या आधी ठिणगीचा गोंगाट. ३००० आरपीएमला क्रँक मिलिसेकंदाला १८ अंश फिरतो आणि कॉइलची ठिणगी एक-दीड मिलिसेकंद टिकते. २० अंश आधी पेटवली तर ती वरचं टोक ओलांडून सातेक अंशांपर्यंत जाते. म्हणून खिडकी दहाच्या आधी उघडायची नाही.

मी उत्साहाच्या भरात ती १२० अंशांपर्यंत उघडी ठेवली. जास्त ऐकलेलं बरं, असा विचार. १०५ अंशांच्या आसपास प्रत्येक सिलिंडरला एक टणकन आवाज. आयडलला, ३००० ला, पेट्रोल बदललं तरी.

रात्री कागद घेऊन बसलो. एका सिलिंडरचा स्फोट झाल्यावर १०५ अंशांनी, त्याच्या ४८० अंश आधी स्फोट झालेला सिलिंडर त्याच्या हिशेबाने ५८५ अंशांवर असतो. म्हणजे त्याचा पिस्टन खालच्या टोकाला जाऊन ४५ अंश वर आलेला. तिथंच इनलेट व्हॉल्व्ह बंद होतो! शेजाऱ्याचं दार आपटल्याचा आवाज मी माझ्या घरातला समजत होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा हिशेब केला, तो १३० च्या आसपास पडतो.

आता चार सिलिंडरचा हिशेब केला आणि हसू आलं. तिथं ठिणग्या १८० अंशांनी, त्यामुळे शेजाऱ्याचा इनलेट व्हॉल्व्ह बरोबर ४५ अंशांवर, म्हणजे नॉकच्या खिडकीच्या मधोमध बंद होतो. आपली तीन सिलिंडरची गरीब गाडी या बाबतीत नशीबवान. १० ते ६५ एकदम शांत. खिडकी ६५ ला बंद केली आणि तो टणका गायब.

१० मे

दोन गोष्टी भराभर. आरपीएम वाढला की खिडकीचा वेळ कमी होतो (३००० ला ५५ अंश म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद), त्यामुळे साठलेला आकडाही कमी येतो. म्हणून एकच ठरावीक मर्यादा चालत नाही. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरची आपापली सरासरी ठेवली आणि आजचा आकडा तिच्या किती पट आहे ते पाहतो. सरासरीत नॉकचे आकडे मिसळायचे नाहीत, नाहीतर डबा हळूहळू नॉकलाच साधं बोलणं समजायला लागतो.

११ मे

घाट. चाळीसगावहून सकाळी नऊला निघायचं ठरलं होतं, निघालो बाराला. चांगलंच झालं, ऊन पाहिजेच होतं. बॉनेटखालचा थर्मामीटर ६०च्या वर. मी स्टिअरिंगवर, शेजारी आबा कानात स्टेथोस्कोप घालून, मांडीवर बटण. घाटात जड वाहनांना बंदी असल्याने ट्रकांची रांग नव्हती. दुचाकीवाले मात्र खिडकीतून आत येणारी काळी नळी आणि आबांचे कान बघून वळून वळून बघत होते. एकाने थांबवून विचारलंच, तब्येत बरी आहे ना काकांची?

दुसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, १८०० आरपीएमपासून २८०० पर्यंत. टायमिंगचे तीन नकाशे, म्हणजे डब्यातली कोष्टकं: पूर्ण लोडवर ठिणगी वरच्या टोकाच्या २२, २५ आणि २८ अंश आधी. प्रत्येक नकाशावर दोन चढ. आबांनी एकूण १४ वेळा बटण दाबलं, त्यातलं एक गाडी खड्ड्यात आपटली तेव्हाचं. २२ ला एकदाही नाही. २५ ला थोडे. २८ ला आबा बटण सोडायलाच तयार नव्हते.

घरी येऊन जुळवलं. माणसाच्या बोटाला थोडा उशीर होतो, म्हणून बटणाच्या आधीच्या पाऊण सेकंदात डब्याने काय ऐकलं ते पाहिलं. सरासरीच्या २.२ पट ही मर्यादा धरली तर खड्डा सोडून बाकीच्या तेरापैकी अकरा जागी डब्यालाही नॉक दिसतो. गंमत अशी की दोन-तीन ठिकाणी डब्याने एकेकटा ठोका पकडला आहे जो आबांना ऐकूच आला नाही. आबांना एक सुटा ठोका कळत नाही, पाच-सहा लागोपाठ झाले की कळतात. मर्यादा १.८ केली तर डबा प्रत्येक गोष्टीला घाबरतो.

सूर ८,१३० वर नाही, थोडा खाली, ७.८ किलोहर्ट्झवर आहे. वायू गणितातल्यापेक्षा थोडा थंड असावा. गाळणी एका पायरीने खाली आणली. तेराजवळही बारीक उंचवटा दिसतो, तेव्हा घंटेचा हिशेब खरा.

आणखी एक गोष्ट. सिलिंडरवार मोजलं तर निम्म्याहून जास्त नॉक तिसऱ्या सिलिंडरचे.

१३ मे

प्लग काढले. पहिला आणि दुसरा एका कंपनीचे, तिसरा दुसऱ्या कंपनीचा. कधीतरी कुणीतरी एकच बदलला असणार, कदाचित मीच. पहिले दोन एनजीकेचे, त्यांच्यात नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. तिसरा बॉशचा, त्यांच्यात उलट, नंबर मोठा तर प्लग गरम. नंबरावर नजर टाकून "एकसारखेच आहेत" म्हणून बसवला गेला आणि एका सिलिंडरात तापट प्लग जाऊन बसला. टोकही पांढरं पडलेलं.

तिन्ही एनजीकेचे नवे, एकाच नंबरचे. एका प्लगवर सगळा दोष ढकलणार नाही. मागच्या बाजूच्या सिलिंडरला पाणी शेवटी पोचत असेल, तेही एक कारण असू शकतं. पुन्हा घाट केल्यावर बघू.

१८ मे

पुन्हा घाट, आज सकाळी ढग. २५ अंशांच्या नकाशावर तिसऱ्या सिलिंडरचे ठोके बरेच कमी, पण अजून तोच पुढं. प्लगने अर्धं काम केलं.

आज डब्याला पहिल्यांदा हात चालवायची परवानगी दिली. नॉक दिसला की त्या सिलिंडरची ठिणगी लगेच ३ अंश मागे. मग पुढच्या काही सेकंदांत पाव-पाव अंशाने पुन्हा पुढं. परत नॉक झाला तर परत ३ मागे. जास्तीत जास्त ९ अंश, त्यापलीकडे कधीच नाही, कारण फार मागे गेलं की एक्झॉस्ट लाल होतो आणि व्हॉल्व्ह जळतात.

चढावर गाडी ऐकायची वेगळीच मजा. २८ अंशांच्या नकाशावर, जिथं मागच्या रविवारी हरभऱ्याचा डबा वाजत होता, तिथं एकदाच टिण होतं आणि गप्प. आबा कानातून नळी न काढता म्हणाले, "तुन्हा डबा बराबर सांगी राहिना." इग्निशनवरचा आळ मागं घेतला की नाही, ते मात्र बोलले नाहीत.

पेट्रोलबद्दल एक. पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे नॉक न होऊ द्यायची ताकद, वाढतो, त्यामुळे नॉक टाळायला मदतच होते. पण इथेनॉलला हवा कमी लागते आणि कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं. मी मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घातला आहे. कार्ब्युरेटरमधले रबर आणि सील बदलायला हवेत, ते पाऊस संपल्यावर.

२१ मे

सकाळी थंड इंजिनवर निघालो आणि डब्याने स्टेशनपर्यंत टायमिंग पाच अंश मागं खेचलं. गाडी मेल्यासारखी. नॉक? सकाळी सहाला, थंड इंजिनवर, अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला? शक्यच नाही.

थंड असताना पिस्टन सिलिंडरात थोडा सैल असतो. वरच्या टोकाला दिशा बदलली की तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. जुन्या इंजिनात ही आपट १० अंशांच्या थोडी पुढंही सरकते आणि आपल्या खिडकीत शिरते. खिडकी १५ ला उघडली तर ती बरीच जाते, पण जोरदार नॉक कधी कधी १५ च्या आतही सुरू होतो.

उपाय सोपा केला. पाण्याचं तापमान ६० अंशांपर्यंत पोचेपर्यंत डब्याने नॉक ऐकायचाच नाही. थंड इंजिनला नॉक तसाही फारसा होत नाही. मी हे आधी का केलं नाही, याला उत्तर नाही.

२७ मे

गेले काही दिवस पाऊस. मे महिन्यात! केळी आडव्या झाल्याचं मामा सांगत होते. पंपाचं काम अचानक थांबलं, विहिरींना पाणी आहे.

घाट केला, रस्ता ओला, हवा गार. २८ अंशांवर एकही ठोका नाही. ३० वर दोन. हवा पंधरा अंशांनी थंड झाली की इंजिनला किती ढील मिळते हे एवढं ढळढळीत पहिल्यांदा बघितलं. त्यामुळे मर्यादा तपासायची सोयच राहिली नाही, डबा दिवसभर मोकळा बसला.

८ जून

लॉग वाचले. पावसाळ्यात डब्याने एकूण ४३ वेळा ठिणगी मागं घेतली, त्यातले ३१ एकाच दिवशी, एकाच तासात. तारीख बघितली आणि आठवलं, त्या दिवशी अल्टरनेटरचा ब्रॅकेट सैल झाला होता. ब्रॅकेटला सेन्सरपासून वीतभर अंतर. म्हणजे सैल बोल्टचा खडखडाट ७.८ किलोहर्ट्झला पुरेसा मिळताजुळता असतो. आता रोज सकाळी एकदा त्या बोल्टवर बोट ठेवून बघतो.

ऑक्टोबरची उष्णता येईपर्यंत मर्यादा २.२ वरच ठेवतो. तोवर तिसऱ्या सिलिंडरच्या पाण्याच्या वाटेकडे बघायचं आहे. तांब्याची नळी ब्लॉकवरून काढायला गेलो तर ती नव्हती. आबांच्या गॅरेजात, टॅपेटच्या पान्यांशेजारी खिळ्याला टांगलेली, ठिबकच्या तुकड्यासकट. काल दुपारी त्यांनी एका तवेरा गाडीचा बेअरिंग तिनेच शोधला म्हणे. नवी नळी आणायला हवी.